तक्रार विभागातली शकूआत्या

शकूआत्याला कुणी ‘काही नाही’ असं उत्तर दिलं की ती चष्मा काढायची. मग पदरानं काचा पुसत बसायची. घाई नाही, राग नाही, नुसतं पुसणं. समोरचा माणूस थोडा वेळ इकडंतिकडं बघायचा, खाकरायचा, आणि शेवटी जे सांगायचं नव्हतं ते सांगून टाकायचा. मग चष्मा परत नाकावर चढायचा. आमच्या घराण्यातली निम्मी गुपितं त्या पदरानं बाहेर काढलेली आहेत.

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बारामतीच्या टेलिफोन खात्यात तिची सगळी नोकरी झाली. आधी ऑपरेटर होती, मग तक्रार विभागात आली. फोन बंद आहे म्हणून तावातावानं येणाऱ्या माणसाला ती शांतपणे एकच विचारायची, “बंद पडायच्या आधी काय बदललं?” माणूस म्हणायचा, काही नाही. चष्मा निघायचा. मग कळायचं की घराला रंग दिला होता आणि रंगाऱ्यानं वायर उपटून परत खोचली होती, किंवा भावाभावांची वाटणी झाली होती आणि वायर नेमकी रुसलेल्या भावाच्या भिंतीवरून जात होती. “चालतं यंत्र आपल्या मनानं बंद पडत न्हाय,” ती म्हणायची. “माणूस कायतरी करतो आन् मग इसरतो. न्हायतर लपवतो.” विसरणाऱ्यांना ती माफ करायची. लपवणाऱ्यांना सोडायची नाही.

निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, प्रश्न सुटला नाही. मिक्सर बंद पडला, सून माहेरी गेली, पोराचे मार्क घसरले, सगळ्याला तिचा तोच प्रश्न. मला बघायला आलेल्या एका स्थळाच्या मंडळींनी सहज बोलण्यात सांगितलं की मुलाचं आधी एकदा ठरून मोडलं होतं. आत्यानं हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “ठरल्यावर आन् मोडायच्या आधी काय बदललं?” ते स्थळ पोहे अर्धे टाकून गेलं. मी कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हते. आता माझा नवरा म्हणतो की आमचं लग्न खरं तर शकूआत्यानंच जुळवलं.

घरोघरी कॉम्प्युटर आल्यावर नात्यागोत्यात तिला पुन्हा मागणी आली. तिला त्यातलं फार कळत होतं असं मी म्हणणार नाही. एका क्लासला जाऊन आली होती, थोडं आपलं आपण शिकली होती. अंदाज बऱ्याचदा चुकायचा, आणि चुकला हे ती काही केल्या कबूल करायची नाही. “ते बी बघायचंच हुतं,” असं म्हणून पुढच्या अंदाजाकडं वळायची. पण सोडून द्यायची नाही. लासुर्ण्याला तिनं जे केलं, तेही त्या न सोडण्यामुळंच झालं.

लासुर्णे माझं माहेर. तिथं आई, माझा थोरला भाऊ सुहासदादा आणि मनीषावहिनी असतात. ऊस आहे, दारात गाईंचा गोठा आहे. वहिनी इंदापूरची, बी.कॉम. झालेली. लग्नाआधी एका ऑफिसात नोकरी करत होती, ती सोडून आली. त्या वर्षी तिनं कुणाला न सांगता एका विमा कंपनीत अर्ज केला. घरी बसून ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सोडवायच्या असं काम होतं. एकेक फेरी पार करत ती शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली, तेव्हा घरात कळलं. कुणी नको म्हणालं नाही. दादा “जमलं तर कर” म्हणाला, आणि आई “घरचं बघून” म्हणाली. वहिनीला ही दोन्ही वाक्यं पाठ झाली होती. कॉम्प्युटर तिच्या भावानं दिलेला होता.

आणि तो कॉम्प्युटर ऑनलाइन गेला की गोठायचा. एरवी दिवसभर चालवा, कुरकुर नाही. पण नेटची वायर मागं खोचली की कधी लगेच, कधी बऱ्याच वेळानं, पडद्यावरचं सगळं आहे तिथं थांबायचं. बाण हलत नाही, बटणं ऐकत नाहीत. शेवटी बटण दाबून धरून तो मारायचा आणि पुन्हा जिवंत करायचा. बारामतीच्या दुकानदारानं आतलं सगळं पुसून नव्यानं भरून दिलं. त्याच्या दुकानात तो उत्तम चालला. लासुर्ण्याला आला की पुन्हा तेच. मोबाईलच्या नेटवर चालायचा, पण कंपनीची अट होती की नेट वायरनंच जोडलेलं पाहिजे, मोबाईलचं चालणार नाही. शेवटची मुलाखत सुरू असतानाच तो गोठला. वहिनीचं तोंड पडद्यावर अर्धवट उघडं राहिलं असणार. तिनं मेल करून गयावया केली, तेव्हा कंपनीनं एक संधी दिली. पुन्हा असं झालं तर अर्ज बंद, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं.

ती दुसरी मुलाखत दुपारी दोन वाजता होती. त्या दिवशी सकाळी मी आत्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि बारामतीहून निघाले. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांनी वाट अडवली होती. मी हॉर्न वाजवत होते आणि मागून आत्या विचारत होती, “दुकानात चालतो, घरात न्हाय. मग दुकानात न्हाय असं घरात काय हाय?” मी म्हटलं, “आमची आई.” तिला हसू आलं नाही.

घरात पाय ठेवला तेव्हा वहिनी कॉम्प्युटरसमोर बसली होती. साडी इस्त्रीची, केस नीट बांधलेले, पायात रबरी चपला. चेहऱ्यावरून रात्री झोप झालेली दिसत नव्हती. आत्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि विचारलं, “हे सुरू कधी झालं? आन् त्याच्या आधी घरात काय बदललं?”

“काय न्हाय,” दादा म्हणाला.

“काही नाही, आत्या,” वहिनी म्हणाली.

चष्मा निघाला. दादानं मोबाईल काढला, त्यात काहीतरी बघितलं आणि वैरण टाकायची राहिली म्हणत बाहेर गेला. वहिनी किबोर्डकडं बघत राहिली. तेवढ्यात आईनं आपली तक्रार मांडून घेतली. “वन्सं, बदललं म्हंजे हिनं घरात चप्पल घालायचं नवीन काढलंय बघा. पलीकडं देव हायत, आन् ही चप्पल घालून हितं बसती.”

“पाय गार पडतात,” वहिनी पुटपुटली.

आत्यानं चष्मा डोळ्यावर ठेवला आणि कॉम्प्युटरकडं वळली. मला वाटलं, चपलांचं तिनं ऐकलंच नाही.

पहिला अंदाज तिनं मोठ्या ऐटीत केला. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस पकडणारे दोन प्रोग्रॅम होते, एक दुकानदारानं टाकलेला आणि एक वहिनीच्या भावानं. “एका दाराला दोन राखणदार,” आत्या म्हणाली. “आत येणाऱ्याला सोडून एकमेकांचीच गचांडी धरतात.” वहिनीनं एक काढून टाकला. वायर खोचली. आम्ही सगळे पडद्याकडं डोळे लावून बसलो. चालला. वहिनीनं कंपनीचं पान उघडलं, आपलाच चेहरा कॅमेऱ्यात बघितला, एक व्हिडिओ लावला. चालतच राहिला. आईनं चहा टाकला. वहिनी कित्येक दिवसांनी हसली असावी, कारण आई तिच्याकडं बघतच राहिली. वहिनीनं चहाचा कप तोंडाला लावला आणि व्हिडिओतला माणूस एक हात वर करून थांबला. बाण हलेना.

वहिनीनं कप खाली ठेवला. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बारा वाजून गेले होते. मला आत्याचा राग आला. पोरीला आशा दाखवून अर्धी सकाळ घालवली होती.

“ते बी बघायचंच हुतं,” आत्या म्हणाली. पण या वेळी तिचा आवाज बारीक होता. ती उठली. “ही वायर येते कुठनं?”

वायर गोठ्यातून येत होती. नेटची लाइन रस्त्याकडच्या खांबावरून आलेली, म्हणून तिचा डबा गोठ्याच्या कडेच्या खोलीत भिंतीला ठोकलेला होता आणि तिथून एक जाड काळी वायर अंगणाच्या कडेनं घरात आणली होती. आत्या त्या वायरीचं बोट धरल्यासारखी चालत निघाली. तिची ही जुनी पद्धत. खात्यात असताना लाइनमननं ‘बघितलं’ म्हटलेलं तिला पटायचं नाही, स्वतः वायरीबरोबर चालत जायची. मी मागून गेले. वहिनी दारात उभी राहिली. दादा गोठ्यात होता.

त्या खोलीत दूध थंड ठेवायचा जुना फ्रीज घरघरत होता. वायर त्याच्या मागून गेली होती. आत्या वाकून बघत होती, तोच तिचं लक्ष बाहेर काशीकडं गेलं. काशी म्हणजे दादाची सगळ्यात गुणी गाय. तिनं लोखंडी टाकीतल्या पाण्याला तोंड लावलं आणि झटक्यात मान वर घेतली. पुन्हा नुसती जीभ लावली, पुन्हा मागं झाली. तहान तर लागलेली दिसत होती.

“ही असं का करती?” आत्यानं विचारलं.

“नखरं,” दादा म्हणाला. “आता प्लास्टिकच्या बादलीतनंच पिती महाराणी. आईनं दृष्ट काढली, डॉक्टरला दाखवलं. दुखणं काय न्हाय.”

“कवापासनं?”

“झालं की आता. अंगणात फरशी केली, तवापासनंच म्हणा.”

आत्या वळली. सगळ्या अंगणात लाल-करड्या चौकटींची नवी फरशी होती. दादाला तिचा भारी अभिमान, येणाऱ्याला आधी फरशी दाखवायचा. आत्या फरशीकडं बघत राहिली. मग तिनं चष्मा काढला. “सुहास, हितं कोपऱ्यात अर्थिंगचा खड्डा हुता. तुझा बाप त्यात मिठाचं पाणी ओतायचा. कुठं गेला त्यो खड्डा?”

दादानं वैरणीची पेंढी उगाच दुसऱ्या हातात घेतली. “पाइप वर आलेला, आत्या. फरशी सरळ बसंना. गवंडी म्हणला काय करायचं, म्हणलं काप आन् बुजव. वायर बी काढून टाकली. लाइट तर सगळी चालूच हाय की.”

“सकाळी इचारलं तवा काय म्हणालास?”

“फरशीचा आन् कॉम्प्युटरचा काय संबंध, आत्या?”

खरं सांगायचं तर मलाही तेव्हा संबंध कळला नव्हता. आत्याला कळला होता, हे तिच्या चेहऱ्याचा रंग गेला त्यावरून दिसलं. तिनं फ्रीजकडं बोट केलं. “कुणी हात लावू नका त्याला. टाकीला बी न्हाय.” आणि जिच्या गुडघ्यांना पायरी चढताना भिंत लागायची, ती माझी आत्या जवळजवळ पळत घराकडं गेली.

दारात वहिनी उभी होती. आत्या तिच्यासमोर थांबली, दम खात. या वेळी चष्मा निघाला नाही. “मनीषा, गार पडत न्हायत तुझे पाय. अनवाणी बसलं की झिणझिण्या येतात. व्हय ना?”

वहिनीनं मान खाली घातली. आई आतून आली होती, ती तिथंच थबकली.

“व्हय ना?”

“येतात,” वहिनी म्हणाली. “कॉम्प्युटरच्या पेटीला हात लागला की जास्त येतात. चप्पल घातली की कमी होतात.”

“आन् तू बोलली न्हाईस.”

“काय बोलू? करंट मारतो म्हटलं असतं तर त्याच दिवशी गुंडाळून माळ्यावर टाकला असता. जमलं तर कर, असंच म्हणालेत सगळे. मग जमत नाही असं मीच कसं सांगू?” तिचा आवाज चिरकला. “मला इथं आपलं म्हणावं असं एवढं एकच होतं, आत्या.”

आई हळूच म्हणाली, “चपलांवरनं मी किती बोलले हिला.” आणि पदर तोंडाला लावला.

आत्यानं घराचं मेन स्विच खाली पाडलं. फ्रीजची घरघर थांबली, पंखे थांबले. दादानं वायरमनला फोन लावला, तो निघतो म्हणाला. तोवर आत्यानं आम्हाला समजावलं. जुन्या फ्रीजमधून करंट थोडाथोडा त्याच्या पत्र्यावर उतरत होता. अर्थिंग होतं तोवर तो जमिनीत जायचा, कुणाला पत्ता लागायचा नाही. जमिनीची वाट दादानं बुजवली. मग तो गोठ्याच्या लोखंडात शिरला, काशीच्या टाकीत गेला. आणि फ्रीजमागून गेलेल्या नेटच्या वायरीची साल घासून निघाली असणार, तिच्या आतल्या तारेच्या जाळीतून थेट कॉम्प्युटरपर्यंत पोचला. फ्रीज सुरू झाला की करंट यायचा, म्हणून कधी लगेच गोठायचा आणि कधी उशिरा.

वहिनीनं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडं बघितलं. एक वाजून गेला होता. “मग फ्रीज बंदच ठेवू. वायर तिथून बाजूला करू. मेन लावा, मी बसते. अर्थिंग संध्याकाळी होईल.”

“न्हाय,” आत्या म्हणाली. मेन स्विचच्या खाली ती पाठ लावून उभी राहिली.

“आत्या, दोनला आहे.”

“ठावं हाय मला.”

“चुकलं तर पुन्हा बोलावणार नाहीत.”

“न बोलावू दे. एक अंदाज माझा सकाळी चुकलाय. हा बी चुकला तर? फ्रीजच हाय, का भिंतीतनं बी येतोय, मला दिसत न्हाय. अर्थिंग झाल्याबिगर तुला त्या खुर्चीत मी बसू देणार न्हाय.”

आत्यानं आपला अंदाज चुकला असं म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. पण वहिनीला ते ऐकायची उसंत नव्हती. ती एरवी मोठ्यांसमोर आवाज चढवणारी नाही. त्या दिवशी ती म्हणाली, “तुमचं काय जातंय? तुमची नोकरी झाली, पेन्शन आली. माझं सुरू व्हायच्या आधीच तुम्ही संपवताय.”

मला वाटलं आता आत्या भडकणार. ती भडकली नाही, बाजूलाही झाली नाही. “बोल,” म्हणाली. “काय बोलायचं ते बोल. पन हितनं मी हलत न्हाय.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मेन स्विच तिच्या डोक्याच्या वर होतं. तिला ढकलल्याशिवाय कुणाचाही हात तिथवर पोचला नसता.

तेवढ्यात बाहेरून दणका ऐकू आला. दादा पहार घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात उभा होता. दुसरा घाव घातला आणि त्याच्या लाडक्या फरशीचे तुकडे उडाले. तो वर न बघता घाव घालत होता. मी धावत जाऊन तुकडे बाजूला करायला लागले. आईनं मिठाचा डबा आणला, बादली भरून ठेवली. वहिनी दारातून सगळं बघत होती. मग तिनं पदर खोचला आणि इस्त्रीच्या साडीतच माती उपसायला बसली.

वायरमन आला तोवर कापलेल्या पाइपचं तोंड लागलं होतं. त्यानं पाइप घासला, नवी वायर कसली, खड्ड्यात पाणी ओतलं, अर्थिंग लागलं का बघायला मेनच्या अलीकडच्या तारेवर बल्ब लावून बघितला. बल्ब झगझगीत पेटला. मग फ्रीजमागची वायर ओढून काढली, तर खरंच एका जागी साल निघून आतली जाळी उघडी पडलेली. ते त्यानं आम्हाला दाखवलं आणि वहिनीकडं बघून म्हणाला, “ताई, फरशी पुसताना ओल्या पायानं कधी...” पुढचं त्यानं गिळलं. दादा खाली बसला, मातीतच.

फ्रीज बंदच ठेवला. उघडी पडलेली वायर कापून टाकली, नेटचा डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, म्हणजे उरलेली पुरली. मेन वर गेलं तेव्हा दोन वाजायला आले होते. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंतचा तो वेळ मला अजून आठवतो. वहिनीनं हात धुतले, साडीवरची माती झटकली, खुर्चीत बसली. पायात चपला होत्याच.

“चप्पल काढ,” आत्या म्हणाली.

वहिनीनं वर बघितलं.

“काढ. पाय फरशीवर ठेव. आन् हात पेटीवर ठेव.” आणि तिनं आधी स्वतःच्या चपला दाराबाहेर भिरकावल्या, अनवाणी पायानं तिच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि आपला तळहात त्या लोखंडी पेटीवर सपाट ठेवला. वहिनीनं चपलेतून एक पाय काढला. मग दुसरा. हात पुढं केला, मागं घेतला, आणि शेवटी आत्याच्या हाताशेजारी टेकवला. आम्ही तिच्या तोंडाकडं बघत होतो.

“काही नाही,” ती म्हणाली.

आत्यानं आयुष्यात ते उत्तर त्या एकदाच चष्मा न काढता मान्य केलं.

दार लोटून आम्ही ओसरीवर बसलो. समोर फुटकी फरशी, मातीचा ढीग. आतून वहिनीचा आवाज येत होता, कधी मराठी, कधी इंग्रजी. शब्द कळत नव्हते, आवाज येतोय एवढंच आम्ही ऐकत होतो. मधेच तो थांबला. बराच वेळ काही ऐकू येईना. दादा उठला, आत्यानं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं. “ऐकतीय ती,” कुजबुजली. “तक्रार ऐकताना मधी बोलायचं नसतं.” पण तिची बोटं दादाच्या मनगटात रुतली होती. मग आतून वहिनी हसली, आणि पुन्हा बोलायला लागली. दादानं तोंडावर टॉवेल धरला आणि तसाच बसून राहिला.

वहिनीला ती नोकरी लागली. सुरुवातीला काही दिवस ती आत्याशी बोलताना नजर चुकवायची. मग एकदा एका चिडलेल्या ग्राहकाला काय सांगावं कळेना, म्हणून तिनं आत्याला फोन केला, आणि तिथून रोजचाच व्हिडिओ कॉल सुरू झाला. काम संपलं की वहिनी तिला कॉम्प्युटरवर बोलवायची. दोघी दिवसभरातल्या तक्रारींवर चर्चा करायच्या आणि पोट धरून हसायच्या. आत्याला मोबाईल नीट धरता यायचा नाही. ती घरभर फिरत बोलायची. पडद्यावर कधी छत, कधी गॅस, कधी तिची हनुवटी. वहिनी म्हणायची, आत्यांशी बोललं की गाडीत बसल्यासारखं होतं. दर शनिवारी अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं का, हे विचारल्याशिवाय आत्या फोन ठेवायची नाही.

एका संध्याकाळी वहिनी बोलत होती आणि पडद्यावरचं चित्र थांबलं. आत्याचा चेहरा एका जागी होता, मागं भिंत, काही हलत नव्हतं. वहिनीला वाटलं, कॉम्प्युटर पुन्हा गोठला. मग तिनं नीट बघितलं, तर आत्याच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. कॉम्प्युटर चालू होता. आत्या बसली होती.

“आत्या, आज बसून बोलताय? काय बदललं?”

“काय न्हाय,” आत्या म्हणाली.

वहिनीला चष्मा नाही. ती नुसती गप्प बसून पडद्याकडं बघत राहिली. थोड्या वेळानं आत्या म्हणाली, “दम लागतो जरा. चार पावलं टाकली की छातीत भरून येतं.” कधीपासून, तर बरेच दिवस. मला सांगितलं नव्हतं, आणि मी त्याच बारामतीत राहते. “तुमी सगळे घाबरून गेला असता,” म्हणाली. वहिनीनं लपवलं म्हणून तिला बोललेली हीच माझी आत्या. वहिनी आणि दादा त्याच पावली गाडी काढून बारामतीला आले. हृदयाचं दुखणं होतं, बरंच पुढं गेलेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबला असता तर काही करता आलं नसतं.

त्यानंतरचा हिवाळा आणि उन्हाळा तिला मिळाला. तो तिनं लासुर्ण्याला, वहिनीच्या त्याच खोलीत खाटेवर काढला. वहिनी कानाला हेडफोन लावून काम करायची आणि आत्या पडल्यापडल्या ऐकायची. ग्राहक फार चिडला की वहिनी मागं वळून तिच्याकडं बघायची. आत्या डोळे मिटूनच हात हलवायची, बोलू दे त्याला, अशी. एका दुपारी वहिनीनं वळून बघितलं, तेव्हा तो हात हलला नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले. सगळ्यांच्या रडण्यात वहिनी तेवढी रडली नव्हती. तिनं सगळ्यांना चहा केला, भांडी मोजून परत दिली. मी बारामतीला निघणार होते त्या सकाळी ती पुन्हा कामावर बसली. चपला दाराबाहेर, अनवाणी पाय फरशीवर. मागं रिकामी खाट. कॉम्प्युटर सुरू झाला, तिनं हेडफोन हातात घेतला. एवढ्यात दादा दारात आला. हात ग्रीसनं काळे झाले होते. कुणी काही विचारलं नव्हतं.

“मनीषा,” तो म्हणाला, “गोठ्यातली मोटार बदललीय आज. अर्थिंग तपासूनच बसवली. सांगून ठेवतो.”

वहिनी ‘बरं’ म्हणाली. मग तिनं हेडफोन खाली ठेवला आणि किबोर्डवर डोकं टेकून रडायला लागली. दादा ग्रीसचे हात तसेच लांब धरून तिच्याजवळ उभा राहिला.